तीन पोशाख, एक चौकट : १८८५ मधल्या एका छायाचित्राचं वाचन

महिला दिन जवळ आला की एक कृष्णधवल छायाचित्र मोबाइलवर फिरू लागतं. तीन तरुण स्त्रिया शेजारी शेजारी बसलेल्या. डावीकडे साडीत आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी, उजवीकडे डोक्यावर भरगच्च दागिन्यांचा साज ल्यालेल्या दमास्कसच्या साबात इस्लामबुली. स्थळ : अमेरिकेतलं फिलाडेल्फिया, वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया. तारीख १० ऑक्टोबर १८८५. सोबतचा मजकूर ठरलेला असतो : आपापल्या देशातल्या पहिल्या महिला डॉक्टर.

छायाचित्र अस्सल आहे. मजकूर मात्र घाईचा आहे, आणि ही घाई खुद्द छायाचित्रानेच आपल्याला करायला लावली आहे. तिघींना एका ओळीत, एकाच प्रकाशात, ‘आपापल्या देशाच्या’ कपड्यांत बसवलं की पाहणाऱ्याला तीन आयुष्यं एकाच गोष्टीच्या तीन प्रती वाटू लागतात. सामाजिक इतिहासासाठी असं चित्र वाचायचं तर उलटा प्रवास करावा लागतो. चौकटीने जे एकत्र बांधलं ते पुन्हा सुटं करून पाहायचं. या प्रकरणात तेच करून पाहिलं आहे.

आधी वस्तू, मग चेहरे

आपण पाहतो ती बहुधा प्रतीची प्रत असते, कडा कापलेली. या छायाचित्राच्या बाबतीत हे फारच नुकसानीचं आहे, कारण मूळ प्रतीवर प्रत्येकीच्या खाली नाव, गाव आणि देश लिहिलेला आहे. आनंदीबाईंच्या नावाआधी ‘डॉक्टर’ आहे. ओकामींच्याही आहे, इस्लामबुलींच्याही.

आता तारखा लावून पाहा. आनंदीबाईंना पदवी मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. ओकामींना १८८९ मध्ये, इस्लामबुलींना १८९० मध्ये. म्हणजे ऑक्टोबर १८८५ मध्ये या तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. ती ओळ निदान १८९० नंतर तरी लिहिली गेली असणार, किंवा लिहिणाऱ्याने पुढचं गृहीत धरून लिहिलं असणार. पहिली शक्यता मला जास्त पटते. छायाचित्र एका क्षणाचं आणि त्याखालची ओळ दुसऱ्याच काळातली, हे जुन्या समूहचित्रांत सर्रास आढळतं. शाळेच्या, संस्थेच्या, कुटुंबाच्या फोटोखाली नावं लिहिणारा माणूस बहुतेक वेळा फोटो काढताना हजर नसतो. तो नंतर येतो आणि आपल्या काळात जे महत्त्वाचं ठरलं ते लिहितो. त्यामुळे चित्र आणि ओळ हे दोन वेगळे पुरावे मानावेत.

तीच ओळ आणखी एक गोष्ट सांगते. आनंदीबाईंच्या नावाखाली पुणे नाही, कल्याण नाही. तिथे ‘सेरॅनिसोर’ असं काहीतरी गाव लिहिलं आहे. असं गाव अस्तित्वात नाही. हे सेरामपूर, म्हणजे कोलकात्याजवळचं श्रीरामपूर, जिथे त्यांचे पती गोपाळराव टपालखात्याच्या नोकरीत होते आणि जिथून आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या. कुणीतरी हस्ताक्षरातलं नाव चुकीचं वाचलं आणि ते तसंच राहिलं. महाविद्यालयाच्या लेखी त्या ‘इंडिया’तून आलेल्या होत्या; मराठी असणं, चित्पावन असणं, टपालखात्यातल्या कारकुनाची बायको असणं या गोष्टी त्या ओळीत मावणाऱ्या नव्हत्या. इस्लामबुलींच्या नावाखाली ‘सीरिया’ आहे. तेव्हा दमास्कस उस्मानी साम्राज्यात होतं, पण साम्राज्याचा उल्लेख नाही. ओळ लिहिणाऱ्याला तीन देश हवे होते आणि त्याने ते बसवले.

कॅमेऱ्याला काय दिसत नव्हतं

चेहरे वाचण्याआधी यंत्राच्या मर्यादा समजून घेतलेल्या बऱ्या. १८८० च्या दशकात जिलेटिनच्या कोरड्या काचपट्ट्या बाजारात स्थिरावल्या होत्या. आधीच्या ओल्या पट्ट्यांपेक्षा त्या कितीतरी वेगवान होत्या. तेव्हा ‘बिचाऱ्यांना मिनिटभर स्तब्ध बसावं लागे, म्हणून हसू नाही’ हे नेहमीचं स्पष्टीकरण इथे फारसं लागू पडत नाही. न हसणं ही रीत होती. फोटो ही प्रतिष्ठेची, जपून ठेवायची गोष्ट, आणि प्रतिष्ठित माणूस दात दाखवत नसे.

रंगांचं प्रकरण याहून फसवं. त्या काळच्या नेहमीच्या काचपट्ट्या निळ्या-जांभळ्या प्रकाशालाच नीट दाद देत. तांबडा रंग जवळजवळ काळा उमटे, पिवळाही गडद होई, निळा मात्र फिकट, कधीकधी पांढरट दिसे. म्हणून साडीचा जो भाग आपल्याला गडद दिसतो तो लाल असू शकतो, आणि जो फिका दिसतो तो चक्क निळा. सोन्याची चमक मंदावते. कुंकू काळ्या ठिपक्यासारखं उतरतं. जुन्या चित्रांना संगणकावर रंग चढवण्याची हौस सध्या जोरात आहे. अशा चित्रातल्या साडीच्या रंगावरून कुणी काही निष्कर्ष काढत असेल तर त्याला तिथेच थांबवावं.

आणि आनंदीबाईंच्या चेहऱ्यावरचं ते ‘दुःख’? ते आपण घेऊन येतो. पुढच्या सतरा महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा क्षयाने मृत्यू होणार आहे, हे आपल्याला ठाऊक असतं आणि मग त्या नजरेत सावली दिसू लागते. त्याच रीतीने, तितक्याच गंभीरपणे बसलेल्या ओकामी पुढे छप्पन्न वर्षं जगल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कुणी भवितव्य वाचत नाही. आनंदीबाईंची प्रकृती अमेरिकेत खालावत गेली होती याला पत्रांचा आधार आहे. त्यासाठी चेहऱ्याची साक्ष काढायची गरज नाही.

तीन कपडे, तीन कामं

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. तिघींनी आपापल्या देशाचे कपडे घातले आहेत, असं आपण सहज म्हणतो. पण हे कपडे तिघींच्या बाबतीत एकच काम करत नव्हते.

आनंदीबाईंची साडी समजायची तर १८८३ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी २४ फेब्रुवारीला त्यांनी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत भाषण केलं. एकटी बाई, ब्राह्मणाची, समुद्र ओलांडून शिकायला निघाली म्हणून गावात काहूर माजलं होतं. लोक रस्त्यात अडवून प्रश्न विचारत होते. ते प्रश्नच घेऊन त्यांनी एकेकाला उत्तर दिलं. त्यात त्यांनी जाहीर केलं की आपण रीतिरिवाज, अन्न, पोशाख यांत बदल करणार नाही. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहू. धर्मांतराची शंका उगाच नव्हती. गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला मदतीसाठी लिहिलं होतं तेव्हा वाइल्डरने ख्रिस्ती होण्याची अपेक्षा मांडली होती. तो पत्रव्यवहार छापून आला, तो वाचून थिओडोशिया कार्पेंटर या अमेरिकन बाईंनी हात पुढे केला आणि कोणतीही अट न घालता आनंदीबाईंना घरात घेतलं. एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून निघालेल्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या.

म्हणजे छायाचित्रातली साडी हे दिलेलं वचन होतं. कॅमेरा नसता तरी त्या दिवशी आनंदीबाईंच्या अंगावर साडीच असती, कारण आदल्या दिवशीही होती आणि वर्गातही होती.

तरी वचनालाही हवामान असतं. कासोट्याच्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात ते परवडणारं नव्हतं. म्हणून त्या गुजराती वळणाची साडी नेसू लागल्या आणि हे गोपाळरावांना पत्राने कळवलंही. घरापासून हजारो मैलांवर, वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विशीतल्या बाईने साडी कोणत्या वळणाने नेसावी हा नवरा-बायकोच्या पत्रव्यवहाराचा विषय होता, यात त्या लग्नाचा सगळा ताण आला. शिकवण्याचा हट्ट धरणारा नवरा आणि प्रत्येक पावलाचा हिशेब मागणारा नवरा हा एकच माणूस होता. १८८५ मध्ये गोपाळराव स्वतःही अमेरिकेत पोहोचले. चौकटीत ते नाहीत, पण साडीच्या नेसण्यात आहेत.

या छायाचित्राला कुणी ‘पारंपरिक मराठी वेशातल्या आनंदीबाई’ म्हणालं, तर पुन्हा पाहायला सांगावं. परंपरा राखण्यासाठी परंपरेत केलेली ही दुरुस्ती आहे.

ओकामींचा किमोनो वेगळ्या वाटेने आला. त्या योकोहामाच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकलेल्या ख्रिस्ती बाई. लग्नानंतर पतीसोबत अमेरिकेला गेल्या आणि प्रेस्बिटेरियन चर्चच्या महिला परराष्ट्र मिशनची मदत घेऊन शिकल्या. धर्म राखण्याची शपथ त्यांना घ्यायची नव्हती. उलट त्याच सुमारास टोकियोत काय चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे : १८८३ मध्ये रोकुमेइकान ही मेजवान्यांची इमारत उघडली होती आणि तिथे उच्चपदस्थांच्या बायका युरोपीय झगे घालून नाचायला शिकत होत्या. सुधारलेली जपानी बाई म्हणजे झगा घातलेली बाई, असं समीकरण टोकियोत रुजत होतं. आणि ते समीकरण ज्यांच्याकडे पाहून मांडलं जात होतं त्या पाश्चात्त्यांच्या गावात, कॅमेऱ्यापुढे, जपानी बाई किमोनोत बसली होती. ओकामी रोज काय घालत असत ते या एका चित्रावरून ठरवता येणार नाही. मात्र हा किमोनो आनंदीबाईंच्या साडीसारखा जाहीर शब्दाने बांधलेला नव्हता.

इस्लामबुलींच्या डोक्यावरचा साज तर शवविच्छेदनाच्या टेबलाशी कुणी घालणार नाही, इतका तो उघडच सणासमारंभाचा आहे. हे कपडे मुद्दाम फोटोसाठी चढवले होते की त्या दिवशी काही समारंभ होता, याची निवड करण्याची गरज नाही. दोन्हींत पाहणारे ठरलेले होते. एवढं खरं की तिघींमध्ये सर्वांत ‘देशी’ दिसणारा पोशाख रोजच्या जगण्यापासून सर्वांत दूर असावा आणि सर्वांत साधा दिसणारा पोशाख सर्वांत मोठ्या किमतीचा असावा. छायाचित्रात हा फरक पुसला जातो.

हे चित्र हवं होतं कुणाला?

समूहचित्र पाहताना हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा असं काहीजण म्हणतात. मला तो इथे जास्त फळतो असं वाटतं, कारण आता कपडे वेगवेगळे झाले आहेत आणि त्यांना एकत्र बांधणारा हात शोधायचा आहे.

तो हात महाविद्यालयाचा. १८५० मध्ये ‘फीमेल मेडिकल कॉलेज’ म्हणून क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींच्या पुढाकाराने सुरू झालेली ही संस्था. १८६७ मध्ये नाव बदललं. स्त्रियांनी डॉक्टर व्हावं ही कल्पनाच शहराला पचलेली नव्हती. १८६९ मध्ये इथल्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये व्याख्यानाला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. अशा संस्थेला आपलं अस्तित्व सतत सिद्ध करावं लागतं. तिचा एक जोरदार युक्तिवाद होता पूर्वेकडच्या देशांचा : तिथल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू देत नाहीत, म्हणून स्त्री-डॉक्टर हवी. याच महाविद्यालयातून १८६९ मध्ये पदवी घेतलेल्या क्लारा स्वेन १८७० मध्ये मिशनच्या डॉक्टर म्हणून बरेलीला आल्या होत्या. पंधरा वर्षांनी त्याच रस्त्याने उलट दिशेने विद्यार्थिनी येऊ लागल्या. अधिष्ठाता रेचल बॉडली यांच्यासाठी भारत, जपान आणि सीरिया यांचं एकाच बाकावर बसणं म्हणजे संस्थेच्या ध्येयाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

हा संस्थेचा निव्वळ दिखाऊपणा होता असं मी म्हणणार नाही. बॉडलींचा आनंदीबाईंवर खरा जीव होता, आणि पैशाची, प्रवेशाची मदत करताना संस्थेने हात आखडता घेतला नव्हता. पण जिव्हाळा आणि जाहिरात एकाच चौकटीत सुखाने नांदू शकतात.

कुणाला चौकटीत घेतलं नाही हेही त्यातूनच कळतं. या महाविद्यालयातून रिबेका कोल ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी १८६७ मध्येच डॉक्टर झाली होती. छायाचित्रानंतर वर्षभराने सुझन ला फ्लेश ही ओमाहा जमातीची तरुणी इथे दाखल झाली आणि १८८९ मध्ये, ओकामींच्याच वर्षी, डॉक्टर होऊन बाहेर पडली. ‘परदेशातून आलेल्या’ अशा चौकटीत यांना जागा नव्हती, कारण त्या परदेशी नव्हत्या. आपल्याच देशात परक्या मानल्या गेलेल्या स्त्रियांची गोष्ट सांगायला वेगळी चौकट लागते.

त्याच महिन्यात इकडे

छायाचित्राच्या तारखेचा खरा उपयोग तिच्या आजूबाजूला पाहण्यासाठी असतो. २१ सप्टेंबर १८८५ रोजी, म्हणजे तीनच आठवडे आधी, मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला होता : लहानपणी लग्न लावून दिलेल्या बाईला तिच्या इच्छेविरुद्ध नवऱ्याकडे राहायला भाग पाडता येणार नाही. (तो पुढे अपिलात फिरवला गेला, आणि तडजोडीनंतर रखमाबाई लंडनला जाऊन स्वतः डॉक्टर झाल्या.) त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकरवी वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी निधी सुरू झाला. कोलकात्यात कादंबिनी गांगुली मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. त्यांची पदवीही १८८६ चीच.

हे सगळं जवळ ठेवलं की साडीतली ती वीस वर्षांची मुलगी एकाकी चमत्कार राहत नाही. तिचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं, चौदाव्या वर्षी तिचं बाळ दहा दिवसांत गेलं होतं. रखमाबाई ज्या व्यवस्थेविरुद्ध न्यायालयात उभ्या होत्या त्याच व्यवस्थेतून आनंदीबाई नवऱ्याच्या हट्टावर स्वार होऊन बाहेर पडल्या होत्या. दोघींच्या वाटा वेगळ्या, पण दोघींनाही वाट शोधावी लागली ती बालविवाहातूनच. ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. ज्या बाईचं मूल नीट उपचारांअभावी गेलं, तिने हा विषय घ्यावा हे समजण्यासाठी छायाचित्राकडे पाहावंही लागत नाही.

‘पहिली’ या दाव्याचं काय करायचं

ओकामींना ‘जपानच्या पहिल्या महिला डॉक्टर’ म्हणणं बरोबर नाही. ओगिनो गिंको यांनी १८८५ मध्येच जपानच्या सरकारी परीक्षेतून वैद्यकीचा परवाना मिळवला होता. ओकामी पाश्चात्त्य विद्यापीठीय पदवी घेणाऱ्या पहिल्या जपानी स्त्री. पुढे त्या टोकियोत रुग्णालयात रुजू झाल्या. सम्राटाच्या भेटीच्या वेळी, बाई म्हणून, त्यांना सामोरं जाऊ दिलं नाही, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडल्याचं सांगितलं जातं. आनंदीबाई आणि कादंबिनी यांच्यातल्या ‘पहिलं कोण’ या वादात तर मला काहीच रस नाही. दोघींचं वर्ष एक, खंड दोन, आणि दोघींपैकी रुग्ण तपासायला आयुष्य एकीलाच मिळालं. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमणूक झाली होती. तिथे काम सुरू करण्याआधीच त्या गेल्या.

इस्लामबुलींविषयीची शांतता मात्र बोलकी आहे. आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलं, पाठोपाठ काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं. पत्रं उरली, भाषण उरलं. इस्लामबुलींची अशी कागदपत्रं फारशी हाती लागत नाहीत. तिघी चौकटीत सारख्या आकाराच्या आहेत, इतिहासात नाहीत. तिकडे आनंदीबाईंमागे नवरा, मैत्रीण, चरित्रकार, वृत्तपत्रं असा मोठा लवाजमा पत्रं जपत होता. छायाचित्र समान वाटणी करतं, अभिलेखागार करत नाही. म्हणून उजवीकडच्या बाईबद्दल लिहिताना वाक्यं आखूड ठेवावीत आणि रिकाम्या जागा साजशृंगाराच्या वर्णनाने भरू नयेत.

हे वाचन एका कामापुरतं वापरायचं ठरवलं, तर ते काम म्हणजे चित्राखालची ओळ नव्याने लिहिणं. पुढच्या मार्चमध्ये ते पाठवायचंच असेल, तर असं पाठवता येईल :

‘१० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. वुमन्स मेडिकल कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी. डावीकडून : आनंदीबाई जोशी, मूळच्या महाराष्ट्रातल्या, सेरामपूरहून आलेल्या, अमेरिकेतही साडी न सोडण्याचं जाहीर करून निघालेल्या, पदवी १८८६. केई ओकामी, जपान, मिशनच्या मदतीने शिकलेल्या, पदवी १८८९. साबात इस्लामबुली, दमास्कस, तेव्हाचं उस्मानी साम्राज्य, पदवी १८९०. मूळ प्रतीवर तिघींनाही डॉक्टर म्हटलं आहे. तो मजकूर नंतरचा असावा.’